एलजे टोराना जीटीआर : आहे तशी उभी करावी की एक्सयू-१ चा साज चढवावा?

यारातीरकर (मेलबर्न) :

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात व्हिक्टोरियाच्या पश्चिम भागातील एका शेतावरच्या शेडमधून मी १९७२ सालची टोराना, म्हणजे होल्डन या ऑस्ट्रेलियन कंपनीची छोटी गाडी, विकत घेतली. ती एलजे मालिकेतली दोन दारांची जीटीआर असून गेली पंचवीसेक वर्षे जागची हललेली नाही. खरे सांगायचे तर या गाडीकडे माझे लक्ष प्रथम गेले ते तिच्या नावामुळे. इथले लोक त्याचा उच्चार ‘टोराना’ असा करतात, आणि ‘उडणे’ या अर्थाचा तो इथल्या आदिवासींचा शब्द असल्याचे कंपनीने त्या काळी सांगितले होते; पण लहानपणी वेल्ह्याहून तोरण्याची चढण चढलेल्या माणसाला डिकीवरची ती रोमन अक्षरे वाचून दुसरे काही आठवणे शक्यच नव्हते.

गाडीची अवस्था थोडक्यात सांगतो. २०२ घन इंची, म्हणजे ३.३ लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन तीत आहे, मात्र ते मूळचेच आहे की नाही याची मला खात्री नाही. कार्ब्युरेटर एकच आहे. उजवे दार बंद करताना ते हाताने किंचित उचलावे लागते. पाऊस पडून गेला की चालकाच्या पायाखालचा गालिचा ओला होतो. बाहेरून पाहिले तर रंग बरा दिसतो, पण तो कोणी तरी घाईघाईने फवारलेला आहे हे माझ्यासारख्या नवख्यालाही कळते.

माझे मन एक्सयू-१ मध्ये, म्हणजे जीटीआरच्याच शर्यतीसाठी केलेल्या जोरदार आवृत्तीत, अडकले आहे. तीन स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर, पुढच्या बाजूला खाली स्पॉयलर, डिकीवर मागचा स्पॉयलर आणि बाथर्स्ट या गावच्या प्रसिद्ध शर्यतीतल्या गाड्यांसारखा भडक रंग असे सगळे करावे असे फार वाटते. खर्चाला मर्यादा आहे आणि गॅरेजमध्ये एकच गाडी मावते, त्यामुळे घरची दुसरी गाडी सध्या रस्त्यावर उभी असते आणि त्याबद्दल मला रोज ऐकून घ्यावे लागते. सुरुवात इंजिनापासून करावी की पत्र्यापासून? आणि साध्या जीटीआरला एक्सयू-१ करणे योग्य ठरेल का? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

जुना पत्रेवाला (जिलाँग) :

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतर लोक हिरिरीने देतील, म्हणून मी पहिलाच घेतो. इंजिनाला हात लावू नका. इंजिन ही सुटी वस्तू आहे. ते बिघडले तर काढून बाजूला ठेवता येते, दुसरे आणता येते. टोरानाला मात्र वेगळी चेसिस नाही. कवच हाच तिचा सांगाडा आहे, आणि तोच सडला असेल तर बाकी सगळा खर्च पाण्यात गेला असे समजावे.

दार उचलावे लागते याची दोन कारणे असू शकतात आणि त्या दोघांच्या खर्चात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दोन दारांच्या गाडीची दारे लांब आणि जड असतात, त्यामुळे बिजागऱ्यांच्या पिना झिजतात. हे किरकोळ काम आहे. पण बिजागरी ज्या खांबावर बसते तो खांब किंवा त्याखालचा उंबरा, म्हणजे दाराखालची पत्र्याची लांब पेटी, सडलेला असेल, तर तुमच्या गाडीची कंबर मोडलेली आहे. दार अर्धे उघडा, त्याची मागची कड दोन्ही हातांनी वर उचला आणि दुसऱ्या कोणाला तरी बिजागरीकडे विजेरी धरून पाहायला सांगा. पिनेच्या जागी हालचाल दिसली तर आनंद माना. बिजागरी घट्ट असून खांबाचा पत्राच हलत असेल, तर मात्र पुढचे सहा महिने वेल्डिंगचे आहेत.

गालिचा ओला होतो म्हणता, त्यावरून मला दुसरीच शंका येते. समोरच्या काचेच्या खाली, बॉनेटच्या मागे, हवा आत घेणारी एक पोकळ पेटी असते. गाडी झाडाखाली उभी राहिली की तीत पाने साचतात, पाणी जाण्याची भोके बुजतात आणि कुजलेल्या पानांचा ओला लगदा वर्षानुवर्षे पत्र्याला चिकटून राहतो. ही पेटी आतून सडते आणि वरून काहीच दिसत नाही. सगळा गालिचा आणि त्याखालचे डांबरी अस्तर काढून टाका, काचेच्या खालच्या जाळीवर नळीने हळूहळू पाणी सोडा आणि आत बसून पाणी कोठून उतरते ते पाहा. काचेच्या रबरातून येत असेल तर ठीक. पेडलांच्या वरून येत असेल तर पेटी उघडावी लागेल. त्यासाठी वरचे स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिलने सोडवावे लागतात, आणि हे काम कंटाळवाणे असले तरी ते टाळणाऱ्याची गाडी नव्या रंगासकट पुन्हा गळू लागते. याखेरीज डिकीतली सुट्या चाकाची खोलगट जागा, मागच्या चाकांच्या कमानी, दारांच्या तळच्या कडा आणि रेडिएटर ज्यावर बसतो तो पत्रा ही या गाड्यांची ठरलेली सडकी ठिकाणे आहेत. पातळ फडक्यात गुंडाळलेला छोटा लोहचुंबक सगळीकडे फिरवा. तो जिथे पडेल तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

उंबरा कापण्याआधी दोन्ही दारांच्या चौकटीत आडवे-तिरके आधार वेल्ड करून घ्या आणि गाडी सपाट जमिनीवर, चारही ठिकाणी सारख्या उंचीच्या टेकूंवर ठेवा. एका वेळी एकच बाजू कापा. आधार न लावता उंबरा कापला की कवच मध्ये बसते, आणि मग नवे दार आणले तरी फट कधीच जुळत नाही. नवा तुकडा जुन्यावर चढवून जोडू नका, कडेला कड लावून जोडा. चढवलेल्या सांध्याच्या पोटात ओल राहते आणि दहा वर्षांनी तेच काम पुन्हा निघते. जुन्या गाड्यांच्या सांध्यांत शिसे भरलेले असू शकते, म्हणून तिथे ग्राइंडर चालवून धूळ उडवू नका.

स्वतःच्या गाढवपणाची एक गोष्ट सांगतो. माझ्या पहिल्या टोरानाचे बॉनेट आणि छत मी एका कारखान्यात वाळूच्या माऱ्याने साफ करून घेतले. गंज गेला, पण रुंद सपाट पत्रा त्या माऱ्याने ताणला गेला आणि बॉनेट पापडासारखे वाकडे होऊन परत आले. वाळूचा मारा जाड, खाचाखोचांच्या भागांसाठी ठीक आहे. सपाट पत्र्यावर रसायन लावून किंवा चकतीने हळूहळू रंग काढावा.

नवे पत्रे मिळतात. रेअर स्पेअर्ससारख्या कंपन्या जुन्या होल्डनसाठी पुष्कळ भाग तयार करतात. ते जसेच्या तसे बसतील असे मात्र गृहीत धरू नका. रंगाआधी दारे, बॉनेट, पुढचे दोन्ही मडगार्ड आणि डिकीचे झाकण एकदा संपूर्ण जोडून फटी जुळवा, मगच सगळे पुन्हा उतरवा. लोक हा एक आठवडा वाचवायला जातात आणि मग चकचकीत रंगावर हातोडी मारत बसतात.

त्रिकार्ब (सिडनी) :

पत्रेवाल्यांनी सांगितलेले सगळे मान्य. पण आधी थोडा इतिहास सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण त्याशिवाय एक्सयू-१ चे वेड समजत नाही.

टोरानाचे मूळ व्हॉक्सहॉल या ब्रिटिश कंपनीच्या छोट्या व्हिवा गाडीत आहे. १९६९ साली आलेल्या एलसी मालिकेत होल्डनने तिचे नाक लांबवून त्यात सहा सिलिंडरांचे इंजिन बसवले, आणि १९७० मध्ये १८६ घन इंची इंजिन व तीन कार्ब्युरेटर असलेली पहिली एक्सयू-१ आली. तिच्यामागे हॅरी फर्थ या कसबी माणसाची आणि होल्डन डीलर टीम या शर्यत-संघाची मेहनत होती. १९७२ मध्ये एलजे मालिकेबरोबर तिला २०२ घन इंची इंजिन मिळाले, आणि त्याच वर्षी पीटर ब्रॉकने बाथर्स्टच्या माउंट पॅनोरमावर ५०० मैलांची शर्यत पावसात, एकट्याने गाडी चालवून जिंकली. समोर ५.८ लिटरच्या व्ही-८ इंजिनाच्या फोर्ड फाल्कन होत्या. हलकी गाडी, चांगला ताबा आणि कमी झिजणारे टायर व ब्रेक यांनी ताकदीतला फरक भरून काढला. पुढच्या वर्षी शर्यत १००० किलोमीटरची झाली आणि एकट्याने चालवण्याचा काळ तिथेच संपला.

एक्सयू-१ मध्ये व्ही-८ घालण्याचाही बेत होता. पण जून १९७२ मध्ये सिडनीच्या वर्तमानपत्रात ‘ताशी १६० मैलांच्या सुपरकार’ रस्त्यावर येणार अशी बातमी झळकली, राजकारण्यांनी गदारोळ केला आणि काही दिवसांतच कंपन्यांनी असे बेत गुंडाळले. त्यामुळे आहेत त्याच गाड्या दुर्मीळ झाल्या.

आता तुमचा प्रश्न. माझ्याकडे साध्या जीटीआरची केलेली एक्सयू-१ आहे आणि तिची मला यत्किंचितही लाज वाटत नाही. तीन स्ट्रॉमबर्ग एका तालात आले की मिनिटाला ४,००० फेऱ्यांच्या पुढे इंजिन जो आवाज काढते, तो ऐकण्यासाठीच मी ही गाडी ठेवली आहे. अस्सल एक्सयू-१ माझ्या आवाक्याबाहेरची आहे, आणि असती तरी तिला दगड लागेल या भीतीने मी ती चालवली नसती. माझी गाडी नक्कल आहे हे मी प्रत्येकाला सांगतो, विम्याच्या कागदांवरही तसेच लिहिले आहे. तुम्ही खुशाल करा; फक्त ओळखपट्टीला आणि क्रमांकांना हात लावू नका.

दुसरी पाटी (ॲडलेड) :

त्रिकार्ब यांचा प्रामाणिकपणा मान्य करूनही मला थोडे वेगळे सांगायचे आहे. ते प्रामाणिक आहेत, पण त्यांची गाडी ज्याच्या हाती जाईल तो असेल याची हमी कोण देणार? फोर्ड फाल्कनच्या जीटीएचओ फेज थ्री या जोरदार आवृत्तीचे उदाहरण घ्या. तेज गोलंदाज जेफ थॉमसन यांच्याकडे एके काळी असलेली तसली एक गाडी २०१८ मध्ये लिलावात दहा लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. किमती अशा चढल्या की नकली पट्ट्या, घासून पुन्हा ठोकलेले क्रमांक आणि बनावट कहाण्या यांचाही बाजार भरतो. टोरानात तर गोंधळाला आणखी वाव आहे. ओळखपट्टीवरचा ८२९११ हा आकडा दोन दारांच्या जीटीआरवरही असतो, त्यामुळे तो पाहून कोणी ‘ही एक्सयू-१ आहे’ म्हणाला तर त्याला काही अर्थ नाही. इंजिनाचा क्रमांक, ब्लॉकवर ओतलेली तारीख, गिअरबॉक्स, जुनी नोंदणीपत्रे आणि टोराना क्लबांच्या नोंदी हे सगळे एकत्र जुळावे लागते. ब्लॉक गाडीनंतर ओतला गेला असेल, तर ते इंजिन तिचे मूळचे नव्हे, इतके साधे गणित आहे.

माझ्या मते जीटीआर ही स्वतःच्या हिमतीवर उभी राहणारी गाडी आहे. तिच्या बहुतेक भगिनींना लोकांनी एक्सयू-१ करून टाकले किंवा त्यांत मोठी व्ही-८ इंजिने कोंबली, त्यामुळे नीट जपलेली साधी जीटीआर आज एखाद्या प्रदर्शनात दिसली तर जाणकार तिच्याभोवतीच घोटाळतात. शिवाय तीन कार्ब्युरेटर बसवले म्हणजे एक्सयू-१ झाली असे नाही. तिचा कॅमशाफ्ट, हेड, जवळच्या गुणोत्तरांचा एम-२१ गिअरबॉक्स, कडक स्प्रिंग आणि १७ गॅलनची टाकी हे सगळे एकमेकांसाठी ठरवलेले होते. साध्या कॅमशाफ्टवर तीन कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल अधिक आणि समाधान केवळ बॉनेट उघडल्यावर.

इंजिनाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण माझे निम्मे आयुष्य याच लाल रंगाच्या इंजिनांत गेले. २०२ हे दणकट इंजिन आहे, पण त्याच्या काही खोडी आहेत. कॅमशाफ्ट फिरवणारे मोठे चक्र फायबरचे असते. ते आवाज कमी करते, पण वय झाले की त्याचे दाते एका क्षणात सोलून निघतात आणि गाडी जागच्या जागी बंद पडते. इंजिन उघडलेच आहे तर ते चक्र बदलून धातूचे घाला; थोडा किरकिर आवाज सहन करा. क्रँकच्या टोकावरील डॅम्परच्या दोन कड्यांमध्ये रबर असते, ते कुजले की बाहेरचे कडे सरकते आणि त्यावरची टायमिंगची खूण खोटे बोलू लागते. मग माणूस महिनाभर डिस्ट्रिब्युटर फिरवत बसतो आणि दोष त्याचा नसतोच. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन खरोखर वर आणून ती खूण पडताळून पाहा.

२०२ चा बोअर १८६ इतकाच आहे, फक्त स्ट्रोक तीन इंचांवरून सव्वातीन इंच केला. म्हणून ते खालच्या वेगात चांगले ओढते, पण जुन्या लाल २०२ च्या क्रँकला चढ्या फेऱ्यांत थरथर सुटते. १९८० मध्ये आलेल्या निळ्या इंजिनांत क्रँकला अधिक प्रतिभार आणि हेडला हवा आत घेण्याच्या व धूर बाहेर सोडण्याच्या मिळून बारा वाटा दिल्या. लालला नऊच होत्या. निळ्याचा क्रँक लालमध्ये घालणे ही इथली जुनी युक्ती आहे. बाहेरून काहीच दिसत नाही आणि फायदा खरा मिळतो. कितीही शुद्धतावादी असले तरी एवढी चोरी मी स्वतःही केली आहे.

पेट्रोलचाही विचार करा. तुमची गाडी शिशाच्या पेट्रोलच्या काळातली आहे. १९८६ पासून इथल्या नव्या गाड्या शिसेविरहित पेट्रोलवर आल्या आणि २००२ पासून शिशाचे पेट्रोल बंदच झाले. शिशामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला जे संरक्षण मिळत असे ते आता नाही, त्यामुळे हेड लेथवर जाईल तेव्हा एक्झॉस्टच्या सहाही बैठका कठीण धातूच्या बसवून घ्या. अधूनमधून रविवारी फिरवणार असाल तर घाई नाही, पण हेड एकदा उतरवल्यावर हे न करणे म्हणजे पुन्हा उतरवण्याची तजवीज करणे होय.

आणि त्रिकार्ब, तुमचे तीन स्ट्रॉमबर्ग दर चार महिन्यांनी ताल सोडत असतील तर सुया आणि तेल पाहण्याआधी थ्रॉटलच्या दांड्या पाहा. त्या आपल्या भोकांत झिजल्या की तिथून हवा शिरते, आणि मग कितीही जुळवले तरी तीन कार्ब्युरेटर तीन तोंडांनी बोलतात. वरच्या टोपीतला रबरी पडदाही उजेडात ताणून पाहा. टाचणीएवढे भोक असले तरी पिस्टन पूर्ण वर जात नाही.

त्रिकार्ब (सिडनी) :

दांड्यांचे निदान अचूक निघाले. मधल्या कार्ब्युरेटरची दांडी बोटाने हलते. दोन वर्षे मी सुयाच बदलत होतो. आपल्या ‘कोण हमी देणार’ या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नाही, हेही नोंदवतो. एवढेच करू शकतो की माझ्या गाडीच्या उंबऱ्याच्या आत, गालिचाखाली, ‘जीटीआर, रूपांतर मालकाने केले’ असे वर्षासह कोरून ठेवीन.

कागदी घोडा (मेलबर्न) :

व्हिक्टोरियातल्या नोंदणीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. पंचवीस वर्षांहून जुन्या गाडीला इथे क्लब परमिट मिळते. मान्यताप्राप्त क्लबाचे सभासद व्हावे लागते, गाडी रस्त्यावर चालवण्यास सुरक्षित असल्याचे दाखवावे लागते, आणि मग वर्षाला ४५ किंवा ९० दिवस वापरता येते. प्रत्येक दिवशी निघण्यापूर्वी वहीत नोंद करायची. त्या काळातले साधे फेरफार चालतात, पण इंजिन, ब्रेक किंवा सस्पेन्शनमध्ये मोठा बदल केला तर अधिकृत अभियंत्याचे प्रमाणपत्र लागते. म्हणून आधी क्लबात जा, मग वेल्डिंगचे यंत्र विकत घ्या. क्लबातल्या एखाद्या म्हाताऱ्याच्या शेडमध्ये तुम्हाला हवा असलेला उंबरा धूळ खात पडलेला असतो. तसेच खरेदी झालेली असली तरी पीपीएसआर या सरकारी ऑनलाइन नोंदवहीवर चेसिस क्रमांक टाकून गाडी चोरीची नाही ना आणि तिच्यावर कोणाचे कर्ज नाही ना, हे एकदा पाहून घ्या. एवढ्या जुन्या गाडीला सतरा आकडी क्रमांक नसतो, त्यामुळे चेसिस क्रमांक जसाच्या तसा टाकावा.

यारातीरकर (मेलबर्न) :

सर्वांचे मनापासून आभार. गेले दोन शनिवार-रविवार तुम्ही सांगितलेल्या तपासण्यांत गेले, त्यांचा अहवाल देतो.

काचेखालच्या पेटीतून दोन बादल्या निलगिरीची पाने निघाली. खालचा थर चहाच्या चोथ्यासारखा झाला होता. पाणी पेडलांच्या वरूनच येते. उजव्या दाराची बिजागरी घट्ट आहे आणि खांबाचा तळ मात्र पत्रेवाल्यांच्या भाकिताप्रमाणे हलतो. डाव्या दाराचा खांब चांगला आहे. चुंबक मागच्या दोन्ही कमानींवरून आणि डाव्या दाराच्या तळावरून खाली पडला. इंजिनाच्या ब्लॉकवरची तारीख गाडीच्या तारखेनंतरची आहे, म्हणजे ते मूळचे नव्हे. सुरुवातीला वाईट वाटले, पण मग लक्षात आले की आता त्यात निळा क्रँक घालताना मला कोणाचीही क्षमा मागावी लागणार नाही.

डॅशबोर्ड काढल्यावर मागच्या पत्र्यावर मूळ रंग जसाच्या तसा सापडला. गडद पिवळा आहे, ओळखपट्टीवरच्या रंगाच्या सांकेतिक क्रमांकाशी जुळतो. त्या काळचा ॲक्रिलिक लॅकर आता वापरायचा की टू-पॅक, म्हणजे दोन घटक मिसळून फवारायचा रंग, हे अजून ठरलेले नाही. पण तळहाताएवढा तो तुकडा मी चिकटपट्टी लावून झाकून ठेवला आहे, त्यावर कोणालाही फवारू देणार नाही. गाडी जीटीआरच राहील. मागचा स्पॉयलर मात्र मी आधीच घेऊन बसलो आहे, तो त्रिकार्ब यांना हवा असल्यास घेतलेल्या किमतीत देईन.

आता एकच प्रश्न. दाराच्या चौकटीत आधारासाठी २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप पुरेल का? आणि तो लावताना दार लावलेलेच ठेवावे की काढावे?

जुना पत्रेवाला (जिलाँग) :

पुरेल. दार काढून आधार लावा, पण त्याआधी दार लावून चारही बाजूंच्या फटी मोजून कागदावर लिहून ठेवा, आणि आधार असे बसवा की ते न काढता दार पुन्हा टांगता येईल. उंबरा घातल्यावर ते लावून पाहावेच लागेल. मी पुढच्या शनिवारी मेलबर्नला येतो आहे. स्पॉट वेल्ड सोडवण्याचे ड्रिल माझे आणतो. तुमचे बोथट असणार.